बीमचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) हातानं ८५.६ येतो, ईटॅब्स (इमारतीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) ३३ दाखवतंय. कोण चुकतंय?

शेवटचं_वर्ष_सिव्हिल:
प्रोजेक्टसाठी जी प्लस ४ (तळमजला आणि वर चार मजले) फ्रेम करतोय. आतला एक बीम हातानं तपासायला घेतला. आकार २३० × ४५० मिमी, कॉलमच्या सेंटर टू सेंटर ४ मीटर, दोन्ही बाजूंना ३ × ४ मीटरचे स्लॅब. कॉलम २३० × ४५०, त्यातली २३० ची बाजू बीमच्या दिशेनं. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००.

स्लॅब १२५ मिमीचा, म्हणून ३.१२५, फिनिश १, लाइव्ह लोड (माणसं, सामान) २, एकूण ६.१२५ केएन प्रति चौरस मीटर. लांब बाजूवर स्लॅबचा लोड ट्रॅपिझॉइड (समलंब) आकारात येतो म्हणून वन बाय सिक्सचं सूत्र वापरलं : ६.१२५ × ३ ÷ ६ × (३ − ०.५६) = ७.४६, दोन बाजूंचे १४.९३. स्लॅबखालच्या बीमचं वजन १.८७. वर नऊ इंची भिंत, २.५५ उंच : ११.७३. बेरीज २८.५३, दीडपट केली की ४२.८. डब्ल्यूएलस्क्वेअर बाय ८ (डब्ल्यू लोड, एल लांबी) म्हणजे ८५.६ केएनएम.

ईटॅब्समध्ये त्याच १.५ (डीएल + एलएल), म्हणजे डेड आणि लाइव्ह लोडच्या दीडपट कॉम्बिनेशनला मध्यभागी ३३, डाव्या टोकाला वरच्या बाजूचा ४७, उजव्या टोकाला ४१. शिवाय ३३ ला हातानं १९३ चौरस मिमी स्टील येतं (डी, म्हणजे बीमच्या माथ्यापासून खालच्या सळईपर्यंतची खोली, ४१० धरून), तो २२६ दाखवतो. काहीच जुळत नाही.

पक्कड:
डब्ल्यूएलस्क्वेअर बाय ८ नं खाली स्टील टाकून मोकळे व्हा. जास्तच पडेल, सेफ साइडला.

सळई१२:
पक्कड, हे सेफ नाही. बीम कॉलममध्ये एकसंध ओतलाय, तो टोकाला वरून ताणला जाणारच. खाली कितीही सळ्या घाला, वर कमी पडल्या तर कॉलमच्या तोंडाशी बीमच्या माथ्यावर तडा जातो आणि तो खाली उतरत येतो. स्टील जागेवर असावं लागतं, वजनावर नाही.

आता मूळ प्रश्न. ८५.६ हा टोकं सुटी, म्हणजे नुसती टेकवलेली असलेल्या बीमचा आकडा. टोकं धरली की तोच मोमेंट वर आणि खाली वाटला जातो, पण बेरीज बदलत नाही. दोन टोकांची सरासरी काढा : (४७ + ४१) ÷ २ = ४४. त्यात मधले ३३ मिळवा, ७७ झाले. बीमवर मधे पॉइंट लोड असो नसो, ही बेरीज सुट्या बीमच्या मोमेंटशी जुळलीच पाहिजे. हे एका कॉम्बिनेशनसाठीच करायचं. एन्व्हलपवर (सगळ्या कॉम्बिनेशनमधल्या कमाल आकड्यांवर) केलंत तर मधला एका कॉम्बिनेशनचा आणि टोकाचा दुसऱ्याचा येतो, बेरजेला अर्थ राहत नाही.

शेवटचं_वर्ष_सिव्हिल:
पण ७७ आणि ८५.६ मध्ये अजून ८.६ चा फरक आहे.

सळई१२:
कारण ईटॅब्स टोकाचे मोमेंट कॉलमच्या तोंडावर देतं, सेंटरवर नाही. क्लिअर स्पॅन ४ − ०.२३ = ३.७७ घ्या : ४२.८ × ३.७७² ÷ ८ = ७६. उरला १. ट्रॅपिझॉइडचा लोड टोकाकडे कमी असतो आणि आपण तो सरसकट यूडीएल (सगळीकडे सारखा लोड) धरला, त्याचा तो १.

एक मात्र बघा, ईटॅब्समध्ये स्लॅब मेंब्रेन (लोड फक्त बीमवर पोचवणारा) आहे की शेल? शेल असेल तर स्लॅब स्वतः वाकून थोडा मोमेंट खातो आणि बीमची बेरीज कमी भरते. तुमची भरतेय, म्हणजे मेंब्रेनच असावा.

रिंगमास्तर:
स्टीलचं माझ्याकडून. फ्रेम टाइप डक्टाइल (भूकंपात न तुटता वाकणारी) ठेवलाय ना? मग आयएस १३९२०:२०१६ चं किमान स्टील लागतं : ०.२४ × √२५ ÷ ५०० = ०.००२४, गुणिले २३० × ४१० म्हणजे २२६. आयएस ४५६ (काँक्रीटचा सर्वसाधारण कोड) चं किमान (०.८५ ÷ एफवाय, एफवाय म्हणजे सळईची ताकद, ५००) इथे १६० च येतं, त्यामुळे ४५६ वर थांबणाऱ्याला हा आकडा सापडत नाही. खाली २ नग १२ चे थ्रू (पूर्ण लांबीत), वरही २ नग १२ चे थ्रू, आणि टोकांशी वरच्या बाजूला १ नग १२ चा एक्स्ट्रा : तिथे वर ३३९ झाले, ४७ ला २८० लागतात. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० च्या आत, दोन्ही टोकांना २डी लांबीत रिंगांमधलं अंतर ९६ च्या (१२ च्या सळईच्या ८ पट) पुढे जाऊ द्यायचं नाही. हे फक्त गुरुत्वाचं. भूकंपाची कॉम्बिनेशन लावल्यावर वाढेल.

पण सगळ्यात मोठी चूक कोणी बोललंच नाही. २३० चा कॉलम! त्याच १३९२० मध्ये कॉलमची लहान बाजू किमान ३०० मागितली आहे, आणि बीमच्या जाडातल्या जाड सळईच्या २० पट. डक्टाइल म्हणायचं आणि भिंतीत लपावा म्हणून कॉलम २३० चा ठेवायचा, हे चालत नाही. ३०० चा करून पुन्हा चालव. क्लिअर स्पॅन ३.७०, बेरीज ७४-७५ यायला हवी. रन मारायच्या आधी हा आकडा कागदावर लिहून ठेव.

शेवटचं_वर्ष_सिव्हिल:
सर, मॉडेल नव्यानं केलं, कॉलम ३००. बेरीज ९९ आली. लोड सगळे तेच आहेत.

रिंगमास्तर:
७४.५ वरून ९९, म्हणजे एक तृतीयांश वाढ. तुझ्या २८.५ मध्ये स्लॅबचं स्वतःचं वजन ७.६ आणि बीमचं १.९, मिळून ९.५, तेही एक तृतीयांशच. स्वतःचं वजन दोनदा धरलंय. फ्लोअर फिनिशचा लोड पॅटर्न उघड, सेल्फ वेट मल्टिप्लायर १ दिसेल. तो फक्त डेडला १, बाकी सगळीकडे ०.

शेवटचं_वर्ष_सिव्हिल:
फिनिशला १ च होता. आता ७४.४.