मदत हवी आहे : ३६ व्या वर्षी पीएचडीसाठी फेलोशिप

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडीची नोंदणी झाली आहे. विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं आरोग्य. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास आहे, पण त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन फेलोशिप थोडक्यात हुकली. आता वय ३६, म्हणजे महिलांना मिळणारी ५ वर्षांची सवलत धरूनही ३५ ची मर्यादा ओलांडली. जेआरएफचे महिना ३७,००० विसरायचे.

सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन कधी येईल याचा नेम नसतो. एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून फडापर्यंत पोचते तरी. गेल्या महिन्यात एका ताईने कोयत्याच्या मुठीने पडलेले घट्टे दाखवले, म्हणाली, "हे लिहून घ्या." वहीत लिहून घेतलंय. हे काम अर्धवट सोडायचं नाही.

मी ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर आहे. नागपूरच्या महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची ओबीसींसाठीची फेलोशिप कुणाला मिळाली आहे का? पैसे नोंदणीच्या तारखेपासून मिळाले की निवड झाल्यापासून? तासिका सोडाव्या लागल्या का? आयसीएसएसआर म्हणजे केंद्राच्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल फेलोशिपला मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या कुणी अर्ज केला असेल तर आराखडा कसा मांडला, तेही सांगा. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.