अपडेट आपोआप, पण टप्प्याटप्प्याने
'अँटिव्हायरसने अपडेटसाठी विचारत बसू नये, गुपचूप टाकून मोकळं व्हावं' अशी एक सूचना आहे; ती घरच्या पीसीपुरती मान्य. तिथे लोक 'नंतर' दाबत महिनोन्महिने ढकलतात. ऑफिसात मात्र नको. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडून निळ्या एरर पडद्यावर अडकली. गंमत (कसली डोंबलाची!) म्हणजे मुद्दाम एक आवृत्ती मागे राहायची सोय ज्यांनी निवडली होती, तेही सुटले नाहीत. ती सोय मूळ प्रोग्रॅमपुरती होती, नवे धोके ओळखण्यासाठी सतत येणाऱ्या डिटेक्शन फाइलींना लागूच नव्हती.

या फाइलीही उशिरा घ्यायचा पर्याय कंपनीने नंतर दिला. तोच बाकीच्या अँटिव्हायरस कंपन्यांनीही द्यावा, आणि सेटिंगमध्ये चटकन सापडेल अशा जागी.