फियर्नवार्मे: शुक्रवारपर्यंत अजून तीन सह्या हव्यात

मंदार:
मंडळी, फियर्नवार्मेसाठी, म्हणजे एका जागी तापवलेलं पाणी पाइपने घरोघरी आणून घरं गरम करण्यासाठी, गल्लीतल्या 34 घरांपैकी 20 जणांनी फॉर्म भरल्याशिवाय कंपनी कुदळ मारणार नाही. 17 झालेत. आपल्या डेन्मार्कच्या मंडळातली पाच घरं याच गल्लीत आहेत, आणि त्यातली तीन गेला महिनाभर "बघू" म्हणतायत. कोण ते त्यांना ठाऊक आहे. शुक्रवारी रात्री 12 ला लिंक बंद. मग पुढच्या हिवाळ्यात गॅसच्या बिलाबद्दल इथे रडायचं नाही.
ता. क. दिवाळीच्या हॉलचं या मेलवर विचारू नका. त्याची वेगळी मेल आहे.

प्रसाद:
तिघांतला एक मी, लपवत नाही. 2022 मध्ये कम्यूनचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं, की तुमच्याकडे फियर्नवार्मे येणार. कधी, ते धड नाही. गॅसचा भाव तेव्हा कुठे जाऊन पोचला होता आठवतंय ना? घरात तान्हं बाळ. वाट बघत कुडकुडत बसायचं होतं का? हीट पंप घेतला, बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र, त्याचं कर्ज अजून फिटायचंय. आता वर जोडणीचा खर्च, आणि घराच्या चौरस मीटरवर दरवर्षीचा स्थिर आकार, वापरा नाहीतर वापरू नका. शिवाय विजेची कंपनी नाही पटली तर उद्या बदलता येते. इथे पाइप एकच, मालक एकच.

अजित:
प्रसाद, मालक एकच, पण तो कोण? आपल्याकडची कंपनी ग्राहकांचीच सहकारी आहे. कायद्याने नफा काढता येत नाही, उरलं तर पुढच्या वर्षीच्या दरात वळतं. वार्षिक सभेला तुलाही मत.
आणि मंदार सह्यांसाठी दारोदार का फिरतोय तेही सांगतो. तेलाच्या संकटानंतर 1979 चा उष्णता पुरवठा कायदा आला आणि पुढे कम्यूनला जोडणीची सक्ती करता येत असे. कोपनहेगनमध्ये आज 98 टक्के घरं यावर आहेत ती काही हळदीकुंकवाला बोलावून जमलेली नाहीत. 2019 पासून नवी सक्ती बंद. म्हणजे आता मन वळवायचं. खणाई तेवढीच, पाइप तेवढाच, जमिनीत जिरणारी उष्णता तेवढीच. घरं 20 ऐवजी 12 असली की सगळा भार बाराजणांवर. तुझ्यासारख्या आठ जणांनी पंप बसवले ते चूक नाही, पण गणित तिथेच बिघडलं.

सुलभाकाकू:
अजित, सहकारी म्हणालास आणि मला घामच फुटला. मी सांगलीची, सासऱ्यांची हयात कारखान्याच्या सभांत गेली. पण इथली सभा खरंच बरी असते, कॉफी आणि केक देतात.
आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी जोडणी झाली. एक कोणी सांगत नाही ते सांगते. पहिल्या वर्षी बिलात वेगळा आकार लागला. का, तर आमच्या घरातून पाणी नीट गार न होता परत जात होतं! ह्यांना थट्टाच वाटली. हे बैठकीतला एकच रेडिएटर पाचवर ठेवायचे, बाकी सगळे बंद. त्या एकट्याला पाणी गार करणं झेपत नाही. तंत्रज्ञ म्हणाला, सगळे थोडे थोडे उघडा. तेव्हापासून तो आकार गेला. रेडिएटरवर साड्या वाळत घालणंही बंद.
दुःख एवढंच, की गॅसच्या बॉयलरच्या कपाटात इडलीचं पीठ काय सुरेख फुगायचं! फियर्नवार्मेच्या नव्या डब्याला आवरण इतकं, की हात लावला तर गार.

केतकी:
काकू, ओव्हनचा दिवा लावून ठेवा, सकाळी पातेल्याबाहेर येतं.

सुलभाकाकू:
आमच्या ओव्हनचा दिवा गेलाय.

केतकी:
बरं, मुद्द्यावर. तिघांतली दुसरी मी. माझा प्रश्न पैशांचा नाही. हे स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? कोपनहेगनला आमागेरच्या भट्टीत कचरा जाळायचा आणि तिच्या छतावरून लोक स्की करतात म्हणून ते हिरवं? बाकी जाळायला लाकडाचे तुकडे, तेही बोटीने बाहेरच्या देशांतून. प्रसादचा पंप निदान पवनचक्कीच्या विजेवर चालतो.

अजित:
लाकडाबद्दल तुझं बरोबर आहे, माझाही त्याला विरोध आहे. पण पाइपला काय फरक पडतो आत पाणी कशाने तापलं त्याने? ओडेन्से शहरात फेसबुकच्या डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता घरांत जाते. एस्बिएर्गला कोळसा बंद करून समुद्राच्या पाण्यावरचे अजस्र हीट पंप लावलेत. गावाचा बॉयलर एका जागी बदलता येतो. 34 बॉयलर बदलायला 34 घरांत भांडणं.

प्रसाद:
आमच्या घरातलं झालं ते भांडून. मंदार, एक विचारतो. नुसता स्टिक, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप, भिंतीपर्यंत आणून ठेवला आणि पंप म्हातारा झाल्यावर जोडला, तर माझी सही 20 मध्ये धरतात का? तसं असेल तर आज भरतो.

मंदार:
माहीत नाही रे. उद्या सकाळी कंपनीला फोन करून लिहितो. अजित, तू दर वेळी माझ्या मेलवर इतिहास लिहितोस, त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या डेनिश आजोबांकडे जा. तेही "बघू" म्हणतायत.

अजित:
त्यांच्याकडे तूच जा. त्यांच्या कुंपणाचा वाद तुझ्याशी आहे, माझ्याशी नाही.

केतकी:
फॉर्म भरला. 18. दिवाळीच्या हॉलचं काय झालं?