कम्युनिटी कॉलेजमधून सोशिऑलॉजी आणि मग यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर, कोणी केलंय का? सल्ला हवाय

फ्रीमाँटची_आई:
नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा हायस्कूल संपवतेय. यूसीचे निकाल आले, जिथे जायचं होतं तिथे झालं नाही, एका ठिकाणी झालंय पण ते लांब आहे आणि चार वर्षं फी अधिक राहण्याजेवणाचा खर्च आम्हाला आत्ता झेपणारा नाही, दोन वर्षांनी धाकटा पण उभा राहतोय. तिला सोशिऑलॉजीच करायचंय, ते तिचं नक्की आहे. तीच म्हणाली की आई मी दोन वर्षं डी अँझा कम्युनिटी कॉलेजला जाते आणि तिसऱ्या वर्षाला यूसीच्या बर्कली किंवा यूसीएलए कँपसला ट्रान्सफर घेते. मला पटतंय पण पोटात गोळा पण येतो, कारण आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हे केलं ती सगळी कॉम्प्युटर सायन्सची मुलं. सोशिऑलॉजीला हा रस्ता चालतो का? पहिल्या वर्षी काय घ्यावं? आणि पुण्याहून नणंद सारखी विचारतेय की हे खरं कॉलेज असतं ना, तिला काय सांगू ते पण सांगा.

पावसाळी:
चालतो, अगदी व्यवस्थित चालतो. नणंदेला सांगा की शेवटी डिग्री यूसीचीच मिळते, त्यावर पहिली दोन वर्षं कुठे केली ते लिहिलेलं नसतं. पैशाचा हिशोब: डी अँझा आणि फूटहिल या कॉलेजांत सेमिस्टरऐवजी छोटे क्वार्टर असतात, कॅलिफोर्निया रहिवाशाला युनिटला (कोर्स मोजायच्या क्रेडिटला) ३१ डॉलर, ट्रान्सफरला ९० युनिट लागतात म्हणजे दोन वर्षांची ट्यूशन २,७९० डॉलर. वर पुस्तकं आणि किरकोळ फिया. तुम्ही फ्रीमाँटला आहात तर तिथलं ओलोनी कॉलेज पण बघा, तिथे सेमिस्टर आहे, युनिटला ४६ आणि ६० युनिट, म्हणजे हिशोब जवळपास तोच, पण रोजचं ८८० हायवेवरचं ट्रॅफिक वाचेल.

मोगरा:
ताई, मी स्वतः केलंय म्हणून सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण पुढे एक तक्रार आहे. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग यूसी डेव्हिस, सोशिऑलॉजी.

सगळ्यात आधी असिस्ट डॉट ऑर्ग. ही सरकारमान्य साइट आहे, त्यात आपलं कॉलेज टाकायचं, जायचंय ती यूसी टाकायची, मेजर म्हणजे मुख्य विषय टाकायचा, की कुठला कोर्स तिकडच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात ते समोर येतं. मला माझ्या काउन्सेलरनी पहिल्याच सेमिस्टरला सांगितलं की कुटुंब आणि विवाह यावरचा कोर्स घे, मेजरमध्ये धरतील, मी आनंदाने घेतला, ए पण मिळाला, आणि दीड वर्षाने कळलं की मला हव्या होत्या त्या ठिकाणी तो नुसते इलेक्टिव्ह युनिट म्हणून जातो, मेजरच्या तयारीत धरतच नाहीत, आणि जो लागत होता तो रिसर्च मेथड्सचा कोर्स आमच्याकडे फक्त स्प्रिंगला असायचा आणि तोवर तो भरला होता. मी वेटलिस्टवर अकरावी. पहिल्या दिवशी वर्गात मागे भिंतीला टेकून उभी राहिले दोन तास, प्रोफेसरनी शेवटी अ‍ॅड कोड, म्हणजे भरलेल्या वर्गात नाव घालायची परवानगी, दिली. दिली नसती तर माझं अख्खं वर्ष गेलं असतं. त्यामुळे काउन्सेलरकडे जायचंच, पण हातात असिस्टचा प्रिंटआउट घेऊन.

बर्कली आणि यूसीएलए यांच्या याद्या एकसारख्या नाहीत, दोन्ही आत्ताच काढून शेजारी शेजारी ठेवा. साधारणपणे इंट्रो सोशिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स, आणि मिळत असेल तर रिसर्च मेथड्स. स्टॅटिस्टिक्स पहिल्या वर्षातच उरकायला सांगा. सोशिऑलॉजी म्हणजे गणित सुटलं असं मुलांना वाटतं, तसं अजिबात नाहीये, पुढे डेव्हिसला मला सगळ्यात जास्त उपयोग त्या एका कोर्सचा झाला. बाकी सगळं जनरल एज्युकेशन, म्हणजे सगळ्यांना लागणारे सामान्य विषय, त्यांच्या यादीला आधी आयगेट्सी म्हणायचे, २०२५ च्या फॉल सत्रापासून नव्या मुलांना कॅल-गेट्सी आहे, तर जुन्या ब्लॉगमधले सल्ले वाचताना सांभाळा.

आता टॅग. हे तुमच्या लेकीला नक्की सांगा, कारण तिच्या तोंडी फक्त बर्कली आणि यूसीएलए आहेत आणि त्या दोन्हीकडे टॅग नाही, सॅन डिएगोलाही नाही. टॅग म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची लेखी हमी, आणि ती सहा ठिकाणी मिळते: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. एकाच ठिकाणी लावता येतो. ट्रान्सफरच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये टॅग भरायचा, मग नोव्हेंबर अखेरपर्यंत नेहमीचा यूसीचा अर्ज, त्यात बर्कली यूसीएलए खुशाल टाका. जीपीएची (सरासरी ग्रेडची) अट प्रत्येकाची वेगळी. आणि जानेवारीत फॉलचे मार्क अपडेट करायचे असतात, माझी एक मैत्रीण ते विसरली आणि मार्चपर्यंत तिच्या जिवाला घोर.

एक मनापासून सांगते. माझ्या इंट्रो सोशिऑलॉजीच्या वर्गात तीसेक जण होते. एक आजी होत्या साठीच्या, एक जण रात्रपाळी करून थेट वर्गात यायचा, एक मुलगी बाळाला आईकडे ठेवून. आमची पहिली असाइनमेंट होती की एका जागी तासभर बसायचं आणि फक्त काय दिसतं ते लिहायचं. मी आपल्या इंडियन ग्रोसरीत बसले, समोशाच्या काउंटरपाशी. कोण काउंटरवरच्या काकांशी हिंदीत बोलतं, कोण बोटाने दाखवून इंग्रजीत मागतं, मागे भाजी निवडणाऱ्या मेक्सिकन बाईशी कोणीच का बोलत नाही. सात वर्षं तिथून कोथिंबीर आणली होती आणि हे कधी दिसलंच नव्हतं. ते वर्गात वाचलं तेव्हा रात्रपाळीवाला म्हणाला की मी अशाच एका दुकानात मागे काम करतो, आणि मग पुढचा अर्धा तास तोच बोलत होता आणि आम्ही लिहून घेत होतो. चारशे मुलांच्या लेक्चर हॉलमध्ये हे झालं नसतं हो. या विषयाला कम्युनिटी कॉलेजसारखा वर्ग नाही असं माझं ठाम मत आहे.

केपी७२:
मोगराला अनुमोदन. एक भर: सीएसयूचा (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा) रस्ता सोडू नका. एए-टी म्हणून ट्रान्सफरची असोसिएट डिग्री असते, २०१० च्या कायद्याने आली, सोशिऑलॉजीत पण आहे, ती घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की, फक्त कुठल्या कँपसला ते हमीत नाही. सीएसयूचं सॅन होजे स्टेट किंवा ईस्ट बे कँपस घरून करता येतं. पुढे एमएसडब्ल्यू करून सोशल वर्कमध्ये जायचं असेल तर हा खूप चांगला मार्ग आहे. आमच्या लेकाने तेच केलं. त्याचा एक पेपर होता जातीवर, डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियाला असताना वाचलेल्या निबंधापासून सुरू करून सीएसयूने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली तिथपर्यंत. त्यासाठी त्याने आजोबांना फोन करून करून त्यांच्या गावातल्या पाणवठ्याबद्दल विचारलं. आमच्या घरात त्यावर कधी एवढं बोलणं झालंच नव्हतं.

अबोली:
मधेच विचारते, आम्ही एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत, मुलाला रहिवासी फी लागेल का आंतरराष्ट्रीय?

केपी७२:
@अबोली, एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियात रहिवासी धरता येतं, एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे पुरावे लागतात, लीज, टॅक्स, लायसन्स वगैरे. फॉर्म भरताना व्हिसाचा प्रकार नीट निवडा आणि अ‍ॅडमिशन ऑफिसमध्ये कागद घेऊन प्रत्यक्ष जा. मात्र २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, ते वकिलाशी आत्ताच बोलून ठेवा, ट्रान्सफर नेमकं त्याच सुमाराला येतं.

फ्रीमाँटची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरा, तुझी पोस्ट लेकीला वाचून दाखवली, समोशाच्या काउंटरवर आल्यावर तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतःच वाचलं. काल रात्री दोघी डायनिंग टेबलवर असिस्ट उघडून बसलो, डी अँझा आणि ओलोनी दोन्हीच्या याद्या छापल्या, हायलायटरने रंगवल्या. टॅगचं तिला माहीतच नव्हतं. आत्ता तरी तिचं मन सँटा बार्बराला टॅग आणि वर बर्कली, यूसीएलए असं आहे. स्टॅटिस्टिक्स पहिल्याच क्वार्टरला घ्यावं की दुसऱ्या, हे तेवढं सांगशील का? गणित तिचं बरं आहे पण भीती आहे. गुरुवारी काउन्सेलरची अपॉइंटमेंट मिळालीय, त्याआधी कळलं तर बरं.

मोगरा:
दुसऱ्या. पहिल्यात इंट्रो आणि इंग्लिश घेऊन कॉलेजात रुळू दे. आणि स्टॅटिस्टिक्सच्या प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना पहिल्या आठवड्यापासून जायला सांग, अडलं नसलं तरी.