बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं पाणी दर महिन्याला तपासायचं कशाला?

जांबोटीकर:
कालच्या पोस्टीत एकानं लिहिलंय, ‘आपल्या पावसात आम्ल नाही, मासे मेले नाहीत, मग राकसकोपचं आणि मलप्रभा नदीचं पाणी दर महिन्याला तपासणं म्हणजे पैशाची नासाडी.’ वाचून गप्प बसवेना. मासे मरतात ते सगळ्यात शेवटी. आधी पाण्याची आम्ल पचवायची ताकद, अल्कलिनिटी, संपत जाते. तोवर पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा, फारसा हलतही नाही. अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात 1963 पासून पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी तपासतायत. पाऊस आम्ल करणारा गंधकाचा धूर कमी झाला तरी ओढे अपेक्षेइतके सुधारले नाहीत, कारण आम्ल मारणारं मातीतलं कॅल्शियम आधीच धुऊन गेलं होतं. 1999 मध्ये प्रयोग म्हणून हेलिकॉप्टरनं कॅल्शियम असलेल्या खनिजाच्या गोळ्या टाकल्या. जुन्या नोंदी नसत्या तर हे कळलं असतं?

बैलहोंगलवाला:
अमेरिकेचं इथं कशाला? आपल्या हवेतल्या धुळीतच चुना आहे, तो आम्ल मारतो. आमच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे हाताला लागतात.

जांबोटीकर:
तुमच्याकडं लागतात. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीचा जांभा दगड फोडून बघा, एक तरी मिळतो का. आणि जुलैत तिथं धूळ कुठली?

शहापूरचा शेतकरी:
आम्ल राहू दे, बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं बोला की. पावसाळ्यात नाला फुगला की गटाराचं काळं पाणी भातात उभं राहतं. गेल्या वर्षी रोप कुजलं, पाणी ओसरल्यावर बांधावर तेलकट थर. पंचनाम्याला आले आणि कन्नड कागद पुढं करून सही करा म्हणाले. काय लिहिलंय, कुणी सांगेना.

अनगोळकर:
मराठीत मागायचा! भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे असं ठरलेलं आहे.

बैलहोंगलवाला:
झालं, आला सीमाप्रश्न. धागा पाण्याचा होता.

शहापूरचा शेतकरी:
शेत माझं बुडालंय, तुमचं नाही. वाचता न येणाऱ्या कागदावर सही तुम्ही कराल?

बैलहोंगलवाला:
नाही करणार. तेवढं मान्य. आणि पाणी तपासायचंच तर पावसाळ्यापुरतं तपासा, बारा महिने नको.

जांबोटीकर:
जुलैत पाणी नुसतं पातळ होऊनही अल्कलिनिटी घटते. ती पावसापुरती घटली की कायमची, हे उन्हाळ्याचे आकडे नसतील तर कशावरून ठरवणार? तेही एका वर्षाचे पुरत नाहीत.

शहापूरचा शेतकरी:
मग नाल्याचंही मोजा. नुकसानभरपाई मागताना दाखवायला माझ्याकडं एक आकडा नाही. नमुना घ्यायला कोण येतंय, सांगा.