मचाणावरच्या रात्रीच्या नोंदींसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बुद्धपौर्णिमेच्या मचाण निरीक्षणात विदर्भातल्या पाणवठ्यावर बसणाऱ्या नवख्या मंडळींसाठी नोंदवहीचा तक्ता बनवतो आहे. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, संख्या, कुठून आला, कुठे गेला, एवढे रकाने पक्के आहेत.

घोडं अडतं ते दुबार मोजणीपाशी. मे महिन्यात बाकीचं पाणी आटलेलं असतं, त्यामुळे रानडुकरांचा एकच कळप रात्रीतून दोनतीनदा येऊ शकतो. रकान्यात बेरीज करत गेलं की १२ ची ३६ होतात. म्हणून बेरीज न करता एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्याच धरावी असं माझं मत आहे. पण एकेकटी येणारी अस्वलं, बिबटे यांचं काय? कान फाटलेला, लंगडणारा, अशा खुणा चांदण्यात कितपत दिसतात?

दुसरा प्रश्न सांबर आणि नीलगाय यांच्या माद्यांचा. शिंगं दोघींनाही नसतात. नीलगायीची पाठ खांद्याकडून मागे उतरती असते, ही खूण मी देतो आहे. आणखी खात्रीची कुठली?

आवाजाचा रकाना वेगळा ठेवला आहे. सांबराचा एकच ठसठशीत ‘ढँक’ बहुधा वाघ-बिबट्याची चाहूल देतो; भेकर मात्र नुसत्या संशयानेही बराच वेळ भुंकत राहतं. त्यामुळे फक्त आवाज ऐकून ‘वाघ’ लिहू नये, हे ठळक छापतो आहे.

लाल झाकणाची विजेरी नोंदी लिहिण्यापुरती चालेल, की तिनेही जनावरं बुजतात?