साम्रदहून करोली घाटाने खाली डेहण्याला अजून कोणी चालत जातं का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. माझ्या आईचं आजोळ साम्रद, अकोले तालुक्याच्या पार टोकाला, रतनवाडीच्या पुढं. तिची आजी घाटाखालची, डेहण्याकडची होती आणि माहेरी जायचं तर करोली घाट उतरून जायची, डोक्यावर नाचणीचं गठुडं घेऊन, असं आई सांगते. आता नेटवर साम्रद टाकलं की सांदण दरी, रॅपलिंग नि टेंटचेच फोटो येतात. वर-खालच्या गावांचं येणंजाणं राहिलंय का? आई ६८ ची आहे, एकदा न्यायचंय.

उत्तर १:
वाट आहे. सांदण उतरलेले ट्रेकर बरेचदा करोली घाटानेच वर येतात. पण आईंना त्या वाटेने नेऊ नका, फार खडी आहे. शेंडीहून भंडारदरा धरणाच्या कडेकडेने रतनवाडी, अमृतेश्वराचं दर्शन घ्या, मग साम्रद. पूर्वी शेंडीहून रतनवाडीला होडीनेही जायचे.

उत्तर २:
आम्ही खालचे, शहापूर तालुक्यातले. वर नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, आणि खाली ठाणे, पण ते कागदावर हो, दोन्हीकडं महादेव कोळी नि ठाकर, सोयरीक होतेच. माझी थोरली आत्या वर दिलेली, आजा तिला भेटायला पहाटे निघायचा नि दुपारी जेवायला तिच्या घरी. आता गाडीने कसारा, घोटी, शेंडी असा केवढा वळसा पडतो त्यामुळं लग्न नाहीतर दहावं असलं तरच जाणं होतं, याचं फार वाईट वाटतं.

उत्तर ३:
ताई/दादा, कधी जाताय ते महत्त्वाचं. दिवाळीच्या आसपास जा, भातकापणी चालू असते, सगळी माणसं गावात भेटतील. नशीब असेल तर काळभात खायला मिळेल, शिजताना घरभर वास सुटतो. कापणी उरकली की आमच्या भागातली बरीच जोडपी मजुरीला नारायणगावकडं जातात, घरी म्हातारी माणसं नि पोरं. आणि मे महिन्यात नको, पावसाळ्यात एवढा कोसळतो तरी उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन लांब जातात, तेव्हा पाहुण्याला पाणी देतानाही त्यांना विचार करावा लागतो पण बोलून दाखवणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
खूप आभार, दिवाळीनंतर लगेच निघतो. राहायची सोय?

उत्तर ३:
घरगुती होते. आईंना त्यांच्या आजीचं सासरचं आडनाव विचारून ठेवा, तेवढ्यावर गावात घर सापडतं.